भांड्यांवरची नावं

वडोदऱ्याहून मेलबर्नला घरसामान न्यायचं की इथेच वाटून टाकून तिकडे नवं घ्यायचं, यावर आमच्या घरी महिनाभर खल झाला. सोफा, कपाटं, फ्रिज न्यायचं काही कारणच नव्हतं. काही विकलं, काही कुणाकुणाला दिलं. जे उरलं त्याला बाजारात फारशी किंमत नाही, पण ते टाकवतही नाही. सासूबाईंची तांब्या-पितळेची भांडी, पुस्तकं, लेकाचा तबला आणि दांडिया बाजारातल्या आमच्या घरातला सागवानी झोपाळा. सगळी मिळून ४२ खोकी झाली. ती कस्टममधून सुटून हातात यायला एप्रिल ते जुलै गेला. जाणारं कुणी ना कुणी सारखं फोन करून विचारतं, म्हणून सगळं लिहून काढते आहे.

पॅकर्सचा माणूस घर बघायला आला आणि दोन तासांत यादी करून गेला. खोकी १ ते ९, किचन आयटम्स. १० ते १८, बुक्स. २९ ते ३४, मिसलेनियस. मला ती यादी चांगली वाटली होती. नशीब, सामान निघायच्या आधीच आम्ही ती मेलबर्नच्या क्लिअरिंग एजंटला, म्हणजे तिकडे कस्टममधून सामान सोडवून देणाऱ्याला, पाठवली. दुसऱ्याच दिवशी त्याचा उलट प्रश्न आला: मिसलेनियस म्हणजे काय? स्वयंपाकघराच्या सामानात लाकूड आहे का? बांबू? कातडं? खाण्याचं काही? अशी यादी आली तर अधिकाऱ्याला खोकं उघडून बघण्यावाचून गत्यंतर नसतं आणि त्या तपासणीचे पैसे आपल्यालाच भरावे लागतात, हे त्याने स्पष्ट सांगितलं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. कस्टमवाल्यांसमोर आपलं घर नसतं, आपली यादी असते. ती धड नसेल तर त्यांना सगळ्यावरच संशय घ्यावा लागतो.

ऑस्ट्रेलियाचा मुख्य नियम असा: तुम्ही निघण्याआधीचे पूर्ण १२ महिने जी वस्तू तुमच्या मालकीची आणि वापरातली होती, तिच्यावर ड्युटी आणि जीएसटी लागत नाही. त्याहून नवी असेल तर ती वेगळी दाखवायची, बिल जोडायचं आणि कर भरायची तयारी ठेवायची. विमानाने येताना प्रौढ माणसाला ९०० ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंतच्या नव्या वस्तूंची जी सूट असते ती मागून येणाऱ्या सामानाला मिळत नाही. हे सगळं बी५३४ नावाच्या फॉर्मवर जाहीर करायचं आणि सोबत पासपोर्टची प्रत व यादी द्यायची. माझ्या आईने ‘तिकडे मिळणार नाही’ म्हणून मोठ्या हौसेने नवा मिक्सर आणि दोन कुकर घेऊन ठेवले होते. मिक्सर नणंदेकडे गेला, कुकर आम्ही अंगाबरोबरच्या बॅगेत घातले.

आता प्रश्न आला जुन्या भांड्यांचा. पन्नास वर्षांपूर्वीच्या परातीचं बिल कुठून आणणार? इथे सासूबाई मदतीला आल्या. आमच्या घरात नाव घातल्याशिवाय एकही भांडं फळीवर चढलेलं नाही. वडोदऱ्याच्या मांडवी बाजारात भांडं घेतलं की तिथेच नाव आणि तारीख घालून घ्यायची, हा त्यांचा दंडक. एप्रिलच्या उन्हात दुपारी खिडक्या लावून आम्ही दोघी जमिनीवर बसलो. मी चिंच लावून भांडं घासायची, त्या चष्मा कपाळावर सरकवून अंगठ्याने काठावरचे टोचलेले ठिपके चाचपायच्या आणि डोळ्यांनी वाचायच्या आधीच बोटांनी सांगायच्या. “ही मोठी परात, मामांकडून, बारा मे त्र्याहत्तर. लिही. हा घंगाळ्याचा तांब्या, तुझ्या नवऱ्याच्या बारशाचा. ही कळशी मी भिशीच्या पैशांतून घेतली, मागे पाहा, तारीख सापडेल.” त्यांनी आपल्या वहीत मराठीत लिहिलं, मी लॅपटॉपवर इंग्रजीत. प्रत्येक भांड्याच्या अक्षरांचा जवळून फोटो काढला. मेलबर्नच्या एजंटला हे पाठवलं तेव्हा तो म्हणाला की जुनेपणाचा इतका स्वच्छ पुरावा त्याच्याकडे क्वचित येतो. सासूबाईंना हे सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण रात्री त्यांनी उरलेली आठ भांडीही काढून दिली.

या तारखांचा भारताच्या बाजूनेही उपयोग झाला. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायदा, १९७२ प्रमाणे शंभर वर्षांपूर्वीची, कलेच्या किंवा इतिहासाच्या दृष्टीने मोलाची वस्तू (पुरावशेष) खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. ऐतिहासिक किंवा साहित्यिक मोलाच्या हस्तलिखिताला तर ७५ वर्षांचीच मर्यादा आहे. पितळेची जुनी वस्तू दिसली की आपल्याकडचे कस्टम अधिकारी हमखास विचारतात. तारखा घातलेल्या भांड्यांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. अडली ती एकच, देवघरातली समई. तिच्यावर काही कोरलेलं नव्हतं आणि ती काळवंडलेली, वजनदार होती. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं मंडळ कार्यालय वडोदऱ्यातच आहे, म्हणून बाहेरगावी जावं लागलं नाही. अर्ज, फोटो आणि खुद्द समई घेऊन गेलो. त्यांनी तिचे भाग सुटे केले आणि आतले पेच यंत्रावर कापलेले आहेत हे मला दाखवलं. वस्तू पुरावशेष नाही असा दाखला मिळाला. जायच्या निदान दीड महिना आधी हे काम हाती घ्या, शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

नवऱ्याच्या पणजोबांची वही मात्र आम्ही नेली नाही. ते गायकवाड सरकारच्या महसूल खात्यात कारकून होते. गावोगावच्या फिरतीच्या नोंदी त्यांनी मोडीत लिहून ठेवल्या आहेत. ‘वहीच तर आहे, पुस्तकांत घालून द्या’ असं दोघातिघांनी सुचवलं. मला ते पटलं नाही. कायद्याची भीती एक, पण ती वही या गावाची आहे, असंही मनापासून वाटलं. पानन् पान स्कॅन केलं आणि वही दिरांकडे ठेवली.

बाकी काय काय मागे राहिलं ते भराभर सांगते. देवघरातलं मोरपीस, कारण मोरपिसांच्या निर्यातीला भारतातच बंदी आहे. सहाणेवरचं चंदनाचं खोड, कारण चंदनाचं लाकूडही नेता येत नाही. केरसुणी, सूप, रुद्राक्षाची माळ, सोनाराच्या जुन्या तराजूबरोबरच्या गुंजा, लोणची, मसाले, मेतकूट, यांतलं काहीच खोक्यांत घातलं नाही. लाकडी पोळपाट-लाटणं नेलं, तबलाही नेला. पण एकात लाकूड आणि दुसऱ्यात कातडं आहे, हे यादीत ठळक लिहिलं. लेकाच्या क्रिकेटच्या बुटांच्या खिळ्यांमध्ये आपली काळी माती घट्ट बसलेली होती. जुन्या टूथब्रशने आणि सुईने ती काढायला मला अख्खी संध्याकाळ लागली. मातीच्या बाबतीत ऑस्ट्रेलियावाले फार कडक आहेत, आणि आपल्या शेतीला एवढं जपणारा देश असल्यावर ते असणारच.

बांधाबांधीच्या दिवशी पॅकर्सची मुलं भांड्यांसाठी वलसाडच्या आंब्याच्या रिकाम्या पेट्या आणि गवत घेऊन आली. फळांची वापरलेली खोकी आणि गवताचं पॅकिंग तिकडे चालत नाही, हे मी वाचलेलं होतं. मुकादमाशी वाद झाला. “मॅडम, आम्ही रोज पाठवतो,” असं तो म्हणत राहिला. मी काम थांबवलं. रावपुऱ्यातून कोरी खोकी आणि कोरा कागद आणवला, त्यात अर्धा दिवस गेला. त्या अर्ध्या दिवसाबद्दल मला आजही अजिबात वाईट वाटत नाही.

आणि झोपाळा. साडेपाच फुटी सागाची फळी, चार पितळी कड्या, कड्यांत पोपट आणि हत्ती ओवलेले. माझ्या लेकाला याच झोपाळ्यावर पालथं घालून थोपटलेलं आहे. फळी उतरवून उलटी केली तर एका कोपऱ्याला टाचणीच्या डोक्याएवढी पाच-सहा भोकं, आणि बोट लावलं की गव्हाच्या पिठासारखी भुकटी. मिस्त्रीकाकांनी हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहिलं. “बेन, ऊधई नथी, बीजो कीडो छे,” म्हणाले, म्हणजे वाळवी नाही, दुसरा किडा आहे. सागाच्या गाभ्याला सहसा कीड लागत नाही, पण कडेचा पांढरट भाग किड्याला आवडतो आणि आमच्या फळीला तो एका बाजूला दोन बोटं होता. त्यांनी तेवढी कड तासून काढली, भोकांत औषध सोडलं आणि मेण भरलं. लाकडी पेटीही साध्या लाकडाची चालत नाही. गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियसला ३० मिनिटं तापवलेलं लाकूड लागतं आणि त्यावर गव्हाच्या ओंबीच्या खुणेचा शिक्का लागतो. तशी तयार पेटी घेतली. फ्युमिगेशन, म्हणजे कीड मारणाऱ्या वायूची धुरी, करून दाखलाही घेतला.

यादीत लिहायची वेळ आली तेव्हा आमच्या भारतातल्या एजंटचं म्हणणं पडलं की नुसतं ‘वुडन प्लँक’ लिहा, किडीचं लिहाल तर अडकेल. रात्रभर विचार केला आणि मी सगळं लिहिलं: सागाची झोपाळ्याची फळी, सुमारे साठ वर्षं जुनी, एका कडेला किडीची जुनी भोकं, कड तासली, भोकं भरली, अमुक तारखेला फ्युमिगेशन, दाखला सोबत.

भारतातून सुटायला त्रास झाला नाही. घरगुती सामान असल्यामुळे व्यापाऱ्यांना लागतो तो आयईसी (आयात-निर्यातीचा) क्रमांक लागत नाही. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट यांच्या प्रती आणि यादी एवढ्यावर भागतं. ट्रकने न्हावा शेवा, तिथून इतरांच्या सामानाबरोबर एका कंटेनरमध्ये, मग सिंगापूरला जहाज बदलून मेलबर्न. पैशांचं मात्र कान उघडे ठेवून ऐका. आम्हाला दिलेल्या भावात ‘डोअर टू डोअर’ लिहिलं होतं, पण मेलबर्नला उतरवण्याचे, कागदपत्रांचे आणि गोदामाचे आकार त्यात नव्हते. ते घनमीटरवर लागतात आणि ते भरल्याशिवाय सामान हलत नाही. तिकडचे सगळे आकार कोण भरणार, हे वाक्य भावाच्या कागदावर लिहून घ्याच. आम्ही तोंडी विश्वासावर राहिलो आणि ते पैसे आम्हाला भरावे लागले.

जूनच्या शेवटी सामान लागलं. तपासणी गोदामात झाली, आम्ही तिथे नव्हतो. दुपारी मेलबर्नच्या एजंटचा फोन आला. अधिकारी यादी वाचून थेट झोपाळ्याच्या पेटीकडे गेल्या होत्या. त्याने फोटो पाठवला: आमची फळी काळ्या कागदावर आडवी धरलेली, आणि कागदावर चिमूटभर पांढरी भुकटी. आतल्या पोकळीतली जुनी भुकटी प्रवासात झडली असेल किंवा किडा जिवंत असेल. नुसतं पाहून कुणाला सांगता येणार? तीन पर्याय होते: आपल्या खर्चाने पुन्हा उपचार, परत पाठवणी किंवा नाश. आम्ही पहिला निवडला. ४२ खोक्यांपैकी पेटी धरून चारच उघडली. पोळपाट पाहिला, तबला पाहिला, बूट उलटे करून तळवे पाहिले. बाकीची ३८ सीलबंद सुटली. झोपाळ्याचं खरं लिहिलं होतं म्हणूनच इतरांबद्दलचं लिहिलेलं त्यांनी खरं मानलं, असं मला ठामपणे वाटतं.

ज्यांना असं काही लाकूड न्यायचं आहे त्यांना एवढंच सांगते: भोकं बुजवायच्या आधी व्हॅक्यूमने भुकटी ओढून काढा, आणि खालच्या आडव्या पट्ट्या सुट्या करून त्यांच्या मागेही बघा. आम्ही पट्ट्या काढल्या नव्हत्या, भुकटी तिथूनच पडली.

आठ दिवसांनी फळी आली, तिला औषधाचा उग्र वास होता. मेलबर्नच्या भाड्याच्या घराचं छत कड्या पेलण्यासारखं नाही, म्हणून लोखंडी चौकट करायला टाकली आहे. त्या संध्याकाळी सासूबाईंना व्हिडिओ कॉल केला. त्यांनी आपली वही उघडून मांडीवर घेतली होती. मी एकेक खोकं उघडत गेले, त्या वडोदऱ्यात बसून एकेका ओळीपुढे बरोबरची खूण करत गेल्या. परातीपाशी थांबल्या, म्हणाल्या, “जरा काठ दाखव.” मी कॅमेरा जवळ नेला. त्यांनी तारीख वाचली आणि खूण केली.