निसर्ग वादळात खाऱ्या पाण्याची टाकी कशी जगवली

समुद्री मासे पाळायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीची लाइट गेली की पहिला प्रश्न प्राणवायूचा. खाणं, उजेड, स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) ही सगळी नंतरची बाब. 26 अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण 8 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, समुद्राइतक्या खाऱ्या पाण्यात जेमतेम साडेसहा. आणि पाणी तापलं की तोही घटतो. त्यावर मासे जगतात, कोळंबी जगते आणि घाण पचवणारे दगडांवरचे जिवाणूही जगतात. पाण्याचा पृष्ठभाग हलत राहिला तरच हवेतला नवा प्राणवायू आत येतो. म्हणून पंप थांबला की घड्याळ सुरू झालंच म्हणून समजायचं.

आमचं घर अलिबागजवळ चौलला, वाडीत. चार फुटी, अडीचशे लिटरच्या आसपासची टाकी आणि खाली संप, म्हणजे पंप आणि गाळणीची दुसरी छोटी टाकी. दोन क्लाऊनफिश, काही निळे डॅमसेल, एक पिवळा फॉक्सफेस मासा आणि एक क्लीनर कोळंबी. प्रवाळ ठेवत नाही. दगडी प्रवाळांना आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे आणि त्यांची जागा समुद्रातच आहे, असं माझं ठाम मत आहे. टाकीतले दगडही सिरॅमिकचे.

निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकणार हे हवामान खात्याने आधीच सांगितलं होतं, त्यामुळे तयारीला वेळ मिळाला. इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर भरलं, पॉवर बँका चार्ज केल्या, एका ड्रमात मीठ कालवून बदलीचं पाणी तयार ठेवलं. संपातून वर येणाऱ्या पाइपाला टाकीतल्या पाण्याच्या पातळीलगत एक बारीक भोक असतं. पंप बंद पडल्यावर त्यातून हवा शिरते आणि टाकीतलं पाणी उलटं ओढलं जायचं थांबतं. त्या भोकावर मीठ साचतं. ते टाचणीने मोकळं केलं आणि मुद्दाम पंप बंद करून संप भरून वाहत नाही ना, ते पाहिलं.

3 जून 2020ला सकाळीच लाइट गेली. दुपारी वादळ आलं तेव्हा सुपारीची झाडं काडकाड मोडत होती आणि छपराची कौलं उडत होती. टाकीच्या खोलीत पाणी ठिबकायला लागल्यावर वर प्लॅस्टिक ताणलं, पण छताच्या वाशांना बांधून, टाकीपासून चांगलं हातभर वर. टाकीच गुंडाळली असती तर पावसापासून वाचलेली जनावरं हवेवाचून गेली असती.

वादळ ओसरल्यावर रस्त्यावर जाऊन पाहिलं, तर विजेचे खांब ओळीने आडवे. लाइट लवकर येणार नाही हे तिथेच कळलं. लॉकडाऊन चालू होता, त्यामुळे मुंबईहून काही मागवायचा प्रश्न नव्हता. जे घरात आहे त्यावरच भागवायचं होतं.

घरी येऊन हिशोब मांडला. 12 व्होल्ट, 150 अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे कागदावर 1800 वॉट-अवर. हातात येतात त्याच्या दोनतृतीयांश धरायचे. पंखे, दिवे लावले तर रात्रसुद्धा धड निघणार नाही. फक्त दहा वॉटचा वेव्हमेकर (टाकीतलं पाणी हलवत ठेवणारा छोटा पंप) ठेवला आणि इन्व्हर्टरची स्वतःची भूक धरली, तरी दोन दिवस जातात. बायको म्हणाली, ‘‘पंखा नको, आपण ओटीवर झोपू.’’ तिच्या त्या एका वाक्याने मासे वाचले असं मी आजही मानतो. वेव्हमेकरचं तोंड वर केलं, पाण्यावर सतत लाट उठत राहील असं.

संपातल्या सिरॅमिक रिंगांची जाळीची पिशवी उचलून मुख्य टाकीत, एअर स्टोनजवळ (हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) ठेवली. साचलेल्या पाण्यात रिंगांवरचे जिवाणू मेले असते, मग घाणीतून होणारा विषारी अमोनिया कोण पचवणार? कॅनिस्टर फिल्टर, म्हणजे बंद डब्यातली गाळणी असेल तर धोका अजून मोठा. बंद डब्यात प्राणवायू संपून पाणी सडतं आणि लाइट आल्यावर तेच विषारी पाणी थेट टाकीत येतं. कॅनिस्टरवाल्यांनी तो उघडून, धुऊनच पुन्हा लावावा.

खाणं बंद केलं. धडधाकट माशांना आठवडाभराच्या उपासाने काही होत नाही. उलट टाकलेलं अन्न आणि विष्ठा दोन्ही प्राणवायू खातात.

बॅटरी उतरल्यावर यूएसबीवरचा छोटा एअर पंप. दीड वॉटचा पंप दहा हजार एमएएचच्या पॉवर बँकेवर वीस तासांच्या आसपास चालतो. मात्र काही पॉवर बँका इतका कमी करंट दिसला की आपणहून बंद होतात. सोबत दुसऱ्या खाचेत यूएसबीचा दिवा लावला, मग ती चालू राहिली. पॉवर बँका गाडीत आणि ओळखीच्या एका जनरेटरवर आळीपाळीने चार्ज करायचो.

पहाट सर्वांत वाईट. त्या वेळी प्राणवायू सर्वांत कमी असतो. टॉर्च मारली तर फॉक्सफेस पिवळा दिसेना; अंगभर तपकिरी ठिगळं, कल्ले भराभर हलताहेत, तोंड पृष्ठभागाशी. रात्री त्याचा रंग तसाही बदलतो, पण कल्ल्यांची ती घाई वेगळी होती. मग हाताने पाणी उपसून वितभर उंचीवरून ओतायचं. आई मदतीला पितळी तपेलं घेऊन आली. तिला म्हटलं, ‘‘आई, प्लॅस्टिकचा मग घे. पितळेत तांबं असतं, कोळंबीला ते जराही सोसत नाही.’’ पाळ्या लावून आम्ही तिघं ओतत बसायचो. थोड्या वेळाने फॉक्सफेस खाली दगडाकडे वळला की जीव भांड्यात पडायचा.

पाऊस थांबला की उकाडा. दमट हवेत टाकीवर वारा घालून फारसा उपयोग नसतो, आणि बर्फाचे कारखानेही बंद. विहिरीतून पोहऱ्याने पाणी काढून सोड्याच्या बाटल्यांत भरलं, बुचं घट्ट लावून त्या टाकीत तरंगत सोडल्या. विहिरीचं पाणी टाकीपेक्षा गार. एखाद-दीड अंशाचा फरक पडायचा आणि तेवढा पुरायचा.

एक डॅमसेल गेला. दिसताक्षणी काढला, अमोनिया तपासला. नळीत हिरवी झाक आली म्हणून ड्रमातलं पाणी घालून टाकीतलं थोडं थोडं बदललं. किनारा जवळ असला तरी समुद्राचं पाणी आणलं नाही. वादळानंतर ते गढूळ, त्यात पावसाचं गोडं पाणी मिसळलेलं.

बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेल्या लाइनमननी भर पावसात खांब उभे केले. त्यांचे उपकार आमचं गाव विसरणार नाही. लाइट आल्यावर लगेच सगळं चालू केलं नाही. व्होल्टेज स्थिर होऊ दिलं, संपातलं साचलेलं पाणी फेकून संप धुतला, मग ताजं पाणी, पंप, रिंगा आणि सर्वांत शेवटी स्किमर.

पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ कोकण किनाऱ्याजवळून गेलं, तोवर थेट बॅटरीवर चालणारा डीसी वेव्हमेकर आणि त्याच्यासाठी वेगळी बॅटरी बसवली होती. मध्ये इन्व्हर्टर नाही, त्यामुळे त्याची भूकही नाही. लाइट गेली की वेव्हमेकर आपोआप कमी वेगावर बॅटरीवर जातो. शिवाय एक एअर पंप असा आहे, जो लाइट जाताच सेलवर सुरू होतो. तो पाण्याच्या पातळीच्या वर टांगलाय, नळीतून पाणी उलटं येऊ नये म्हणून. पावसाळ्याआधी सेल बदलतो आणि एअर स्टोनही, कारण मिठाने त्याची छिद्रं बुजतात आणि बुडबुडे येईनासे होतात.