जुळ्यांची दुपटी

परवा दुपारी पंचवटीत बहिणीकडे आम्ही जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवायला बसलो होतो. भाचीला जुळे होणार आहे आणि बाळाच्या जन्माआधी नवे कापड आणायचे नाही हा घरचा दंडक अजून कोणी मोडलेला नाही. कात्री लावण्यापूर्वी बहिणीने विचारले, "दोन्ही एकाच साडीची करायची का गं?" त्यावरून बाळे एकसारखी असतील की निरनिराळी, हा विषय जो निघाला तो चहा झाला तरी संपेना.

माझे मत वेगळ्या साड्यांचे पडले. जुळ्यांना एका ताग्यातले कपडे घालून मिरवणाऱ्या आईबापांविषयी माझ्या मनात जुनी अढी आहे. चेहरे एकसारखे निघालेच, तर कपडे तरी स्वतःचे असावेत.

लहानपणी जुळ्यांचा संबंध आम्हाला केळ्यांपुरताच ठाऊक होता. रविवार कारंजावरून आणलेल्या फणीत जोडकेळे निघाले की आजी ते आम्हा मुलींच्या हाती लागू देत नसे. ती ते सोलून आजोबांच्या ताटात ठेवी आणि आजोबा, आपल्याला कसलाच धोका नाही अशा निश्चिंतपणे, ते सावकाश संपवीत.

पंचवटीत बसून लक्ष्मणाची आठवण होणारच. शत्रुघ्न त्याचा जुळा भाऊ. पण वाल्मीकींच्या कथेत सुमित्रेला पायसाचा वाटा दोनदा मिळाला, आधी चतुर्थांश आणि मग अष्टमांश, एवढ्या पुराव्यावर बहिणीने दोघांना द्विबीज ठरवून टाकले.

भाचीचे प्रकरण इतके सरळ नाही. बाराव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीत, दोन बाळांमधला पडदा वारेला जिथे टेकतो तिथे पाचरीचा आकार दिसला, म्हणजे प्रत्येकाची वार स्वतंत्र. "मग बीजेही दोन," असा निकाल जावईबापूंनी देऊन टाकला आणि डॉक्टरांनी तो तिथल्या तिथे खोडून काढला. एकच फलित बीज पहिल्या तीन दिवसांत दुभंगले तरी प्रत्येकाला आपापली वार मिळते, आणि एकबीज जुळ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश अशीच असतात. एक मुलगा आणि एक मुलगी आहे एवढे कळते तर वाद मिटला असता. पण ते सांगायला १९९४ च्या कायद्याने बंदी आहे, आणि आमच्यासारख्या उत्सुक मावश्या-आज्यांचा विचार करता ती योग्यच आहे. दोन्ही मुलगे किंवा दोन्ही मुली झाल्या, तर जन्मानंतरही डीएनए तपासल्याशिवाय खात्री देता येणार नाही.

डॉक्टरांना मात्र नाकाडोळ्यांत रस नव्हताच. वार एकच असती तर तिच्यातल्या जोडलेल्या रक्तवाहिन्यांमधून एका बाळाचे रक्त दुसऱ्याकडे जात राहण्याची भीती असते. त्यात एक सुकते, दुसऱ्याच्या हृदयावर ताण येतो आणि प्रसंगी दोन्ही हातची जातात. म्हणून अशा गरोदर बाईला सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला सोनोग्राफीला बोलावतात. भाचीला महिन्याने बोलावले आहे.