रंग कसला वाढतोय!
"मॅडम, रंग वाढला!" दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइड-इथेनॉलच्या मिश्रणात रंगद्रव्य किती विरघळलं ते दाखवणारा प्रकाश-शोषणाचा आलेख अचानक उसळला आणि लॅबमधलं पोरगं खूश.

पण रंगद्रव्य जिथे शोषतच नाही, त्या ८०० नॅनोमीटर तरंगलांबीलाही रेघ वर चढलेली. म्हणजे प्रकाश नुसता विखुरतोय. दाबपात्राच्या सफायरच्या (पारदर्शक स्फटिकाच्या) खिडकीतून पाहिलं, तर आत मिश्रण दुधासारखं.

शुद्ध कार्बन डायऑक्साइडचा क्रांतिक बिंदू (ज्याच्या वर द्रव आणि वायू असे वेगळे उरत नाहीत) ३१ अंश सेल्सिअस, ७४ बार. इथेनॉल मिसळलं की तो वर सरकतो. ३५ अंशांवर दाब कमी पडला तर मिश्रण फुटून दोन थर होतात. दाब वाढवा, ढवळा, रेघ स्थिरावू द्या. अपवर्तनांकाचा (मिश्रणात प्रकाश किती वळतो त्याचा) विचार त्यानंतर.

त्यात मुंबईचा मे! खोली ३३ अंशांवर गेली की पंपाला लागणारा द्रव कार्बन डायऑक्साइड सिलिंडरमध्येच उरत नाही. पंपाचं हेड थंड करावं, तर त्याला बाहेरून पाणी सुटतं.

वीज वाचवायला रात्री लॅबचा एसी बंद करणाऱ्यांना हे कोण सांगणार?