तुम्ही विचारलंत म्हणून: पिन म्हणजे कॅन्सरच का?

मी पॅथॉलॉजिस्ट आहे हे कळलं की लग्नाच्या पंगतीतसुद्धा कोणीतरी मोबाइलवर रिपोर्ट उघडून पुढे करतं, आणि प्रोस्टेटचा असेल तर प्रश्न ठरलेला, "बाबांच्या रिपोर्टमध्ये हाय ग्रेड पिन लिहिलंय, म्हणजे कॅन्सरच ना? आणि बारीक सुईने चार पेशी काढून काय ते सांगून टाका ना, बारा-बारा तुकडे कशाला?"

पिन (प्रोस्टॅटिक इंट्राएपिथेलियल निओप्लेझिया, म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीच्या आतल्या अस्तरातल्या पेशी बिघडणं) म्हणजे कॅन्सर नाही, आधीची पायरी म्हणा हवं तर, आणि प्रत्येकजण ती चढतोच असंही नाही. पण पेशी एकेकट्या बघितल्या तर दोन्हीकडे तेच, केंद्रक मोठं आणि आत ठसठशीत न्यूक्लिओलस, म्हणजे केंद्रकातला गडद ठिपका. खरा फरक ती पेशी कुठे बसलीये त्यात असतो. प्रोस्टेटच्या ग्रंथीला बाहेरून बेसल पेशींचं कुंपण असतं, पिनमध्ये बिघडलेल्या पेशी त्याच्या आतच असतात, कुंपण जागोजागी तुटलेलं असेल पण असतं. कॅन्सरमध्ये ते उरतच नाही.

बारीक सुईची पद्धत होती की, स्टॉकहोमच्या फ्रान्झेननी १९६० मध्ये आणली. पण स्मिअर, म्हणजे सुईने ओढून काचेवर पसरलेल्या सुट्या पेशी, हा नुसता पासपोर्ट फोटो, चेहरा दिसतो, माणूस घरात होता की रस्त्यावर ते कुठे कळतं? म्हणून आता जाड सुईने तुकडे काढतात, फॉर्मॅलिनच्या बाटलीत शेवईच्या तुकड्यांसारखे तळाशी पडलेले असतात. शंका आली की आयएचसी, म्हणजे पेशींमधली ठरावीक प्रथिनं रंगवून दाखवणारी तपासणी, लावतो, पी ६३ ने बेसल पेशींची केंद्रकं तपकिरी होतात आणि रेसमेजने बिघडलेल्या पेशी लाल. हा लाल रंग पिनमध्येही येतो बरं का, त्यामुळे नुसतं लाल बघून मी सही करत नाही.

एकाच तुकड्यात पिन असेल आणि बाकी सगळं ठीक असेल तर सहसा लगेच परत बायोप्सी लागत नाही, जास्त तुकड्यांत असेल तर यूरोलॉजिस्ट बारीक लक्ष ठेवतात. आणि पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) वाढला असेल तर त्याचं खापर पिनवर फोडू नका, कारण दुसरं काहीतरी असतं.

एकदा एका काकांच्या स्लाइडवर पिनच्या मोठ्या ग्रंथीला चिकटून तीन बारक्या ग्रंथी होत्या, तपकिरी ठिपका एकही नाही. हात शिवशिवत होता कॅन्सर लिहायला. पण पिनचं कुंपण मुळातच तुटक, त्याचाच एखादा कोपरा तिरका कापला गेला तरी हेच दिसतं, म्हणून "संशयास्पद, परत बायोप्सी करा" एवढंच लिहिलं आणि घरच्यांची बोलणी खाल्ली. तीन महिन्यांनी परत तुकडे आले, यावेळी दोनात ग्लीसन ३+३, म्हणजे खालच्या दर्जाचा पण कॅन्सरच, कुंपणाचा पत्ताच नाही. मुलगा चिडून म्हणाला, "मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

तेव्हा स्लाइडवर तेवढंच होतं, म्हणून.