दहापैकी सहा

19 नोव्हेंबर, रात्री

झोप येत नाही, आणि कारण काय तर एक आकडा.

शहापूरच्या मावशी आज तपासणीला आल्या होत्या. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या पेशंट. दिवाळी होऊन गेली, पाऊस कधीच सरला, तरी हातात ती वाकड्या मुठीची काळी छत्री. टोकाला खुर्चीच्या पायाचं रबर बसवलंय, तेही एका बाजूनं झिजलेलं. काठी घ्या म्हटलं की, "काठी घेतलो तर गल्लीत सगळी विचारणार की." अजून पंचेचाळिशीसुद्धा नाही.

कॉरिडॉर 25 मीटरचा, चार खेपा म्हणजे शंभर. दुसऱ्या खेपेपासूनच डावी चप्पल फरशीवर घासायला लागली. चौथी पुरी केली, पण सगळा भार छत्रीवर. मागच्या खेपेस आधाराशिवाय, न थांबता शंभर मीटर गेल्या होत्या, म्हणून साडेपाच. आज एका बाजूचा आधार लागला. सहा.

मी लिहिलं. त्यांनी वाकून बघितलं.

"कितीपैकी?"

"दहापैकी."

"म्हणजे फर्स्ट क्लास की हो डॉक्टर!"

आणि मी म्हटलं, "हो, फर्स्ट क्लास."

न्यूरॉलॉजिस्ट कुर्ट्झकेची या आजारातलं अपंगत्व मोजायची ही मोजपट्टी 1983 पासून अशीच आहे. शून्य म्हणजे ठणठणीत, दहा म्हणजे माणूस या आजारानं गेला. मावशी बाहेर जाऊन बरोबर आलेल्या मामांना सांगत होत्या, मार्क वाढले म्हणून. मामा माझ्याकडे बघून हसले. त्यांना कळलं असावं. म्हणजे खोटं बोलणारे आता आम्ही दोघं.

मी हो का म्हटलं? दया आली म्हणावं तर तसंही नाही. बाहेर अजून चार पेशंट होते, तेवढंच असेल. पण आमच्या अभ्यासाच्या संमतीपत्राचा मराठी मसुदा मीच लिहिलाय, भांडून. आधी फक्त इंग्रजी आणि कन्नड होते. त्यात माझंच वाक्य आहे: विचारल्यास तपासणीची माहिती समजेल अशा भाषेत दिली जाईल. मावशींनी विचारलं, मी दिली, अगदी समजेल अशा भाषेत.

आई म्हणते, एवढं शिकून कागदंच रंगवतीस. तिला काय सांगू? मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण आपल्याच शरीरातल्या पेशी कुरतडतात, हे फ्रेंच डॉक्टर शार्कोनं 1868 मध्ये आजाराला नाव दिलं तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. आज माहीत आहे, तरी मी कॉरिडॉरमध्ये पावलंच मोजते. सर 2022 चा तो एपस्टाइन-बार विषाणूवरचा पेपर अजून सगळ्यांना दाखवतात. अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीच्या वर लोकांच्या नोंदी, त्यातले 955 आजारी, विषाणूची लागण झाल्यावर धोका 32 पट. मोठंच काम. मी मात्र त्या 955 जणांतलं कोण कोण छत्री घेऊन चालत असेल, याचाच विचार करत बसते.

मावशी एक गोष्ट सांगून गेल्या. दिवाळीच्या पहाटे बंबाचं कढत पाणी अंगावर घेतलं आणि दोन्ही पाय लोळागोळा झाले, पाटावरून मामांनी उचललं. "नरकासुर बाजूला, मीच पडलो." जर्मन नेत्रतज्ज्ञ ऊथॉफनं 1890 मध्ये श्रमानंतर नजर मंदावते असं नोंदवलं होतं, पुढे कळलं ते हेच की, अंग तापलं की लक्षणं बळावतात. एमआरआय नव्हतं तेव्हा निदानासाठी पेशंटला गरम पाण्यात बसवायचे. मावशींनी ती तपासणी घरीच करून घेतली, वर सुगंधी उटणं लावून. मी हसले, त्याही हसल्या. फर्स्ट क्लासचं हसणं त्याच ओघातलं होतं की काय, कोण जाणे.

रात्री एंट्री करायला बसले. आधाराच्या रकान्यात पर्याय तीनच: काठी, कुबडी, अन्य. 'अन्य' निवडून पुढे 'छत्री' लिहिलं. सर विचारतीलच.

पुढची तारीख सहा महिन्यांनी, म्हणजे 19 मे. ऐन उन्हात त्यांना बोलवायचं नाही. प्रोटोकॉलमध्ये पंधरा दिवस मागेपुढे चालतात. 3 जून टाकलं. तोवर पाऊस लागला तर छत्रीकडे कोण बघतंय.