एक्सपांडरची फाइल मी कशी बांधली

भुसावळला घरी बसून मी अमेरिकन डॉक्टरांचं डिक्टेशन टाइप करते. पैसे ओळीवर मिळतात, आणि एक ओळ म्हणजे बहुतेक ठिकाणी स्पेस धरून ६५ अक्षरं. मोजली जातात ती तयार रिपोर्टातली अक्षरं. बोटं किती चालली, हे कुणी मोजत नाही. हे नीट लक्षात आल्यावर मी टेक्स्ट एक्सपांडर, म्हणजे छोटं लघुरूप टाइप केलं की पूर्ण मजकूर उमटवणारं सॉफ्टवेअर, मनावर घेतलं.

‘द पेशंट वॉज प्रेप्ड अँड ड्रेप्ड इन द युज्वल स्टराइल फॅशन’ हे वाक्य ऑपरेशनच्या रिपोर्टात सारखं येतं. इंग्रजीत ते पूर्णविरामासकट ६४ अक्षरांचं आहे. माझ्याकडे ते पी-डी-यू-एस आणि स्पेस एवढ्यावर उमटतं.

सुरुवात वर्डच्या ऑटोकरेक्टने केली, पण क्लायंटच्या प्लॅटफॉर्मवर त्याचा उपयोग नव्हता. मग ऑटोहॉटकी घेतलं. ते फुकट आहे आणि सगळी लघुरूपं एका साध्या टेक्स्ट फाइलीत राहतात: दोन-दोन कोलनांमध्ये लघुरूप, पुढे पूर्ण मजकूर. काही कंपन्या बाहेरचं सॉफ्टवेअर टाकू देत नाहीत, त्यामुळे आधी विचारून घेतलेलं बरं.

खरा वेळ गेला तो लघुरूपं ठरवण्यात. ती पाठ करायची वेळ आली तर वेग वाढत नाही, उलट हात अडतो. म्हणून एकच नियम धरला: वाक्प्रयोगातल्या प्रत्येक मुख्य शब्दाचं पहिलं अक्षर. ऐकू आलं की बोटांना आपोआप कळतं. पण ‘ॲज’, ‘ऑर’, ‘ही’ असे खरे इंग्रजी शब्द तयार होत असतील, तर शेवटी एक्स जोडते. नाहीतर साधं ‘ऑर’ टाइप करताना ऑपरेटिंग रूम उमटेल.

त्याहून धोक्याची जागा म्हणजे एकाच लघुरूपाचे दोन अर्थ. सीव्हीए म्हणजे पक्षाघातही आणि किडनीच्या तपासणीतला कॉस्टोव्हर्टिब्रल अँगलही. बीएस म्हणजे ब्रेथ साउंड्स, बॉवेल साउंड्स आणि ब्लड शुगरसुद्धा. अशा ठिकाणी मी प्रत्येक अर्थाला वेगळं, थोडं लांब लघुरूप दिलं. दोन अक्षरं जास्त टाइप झाली तरी चालतील, रुग्णाच्या कागदावर भलताच आजार उमटलेला चालणार नाही. क्यू-डी टाइप केलं की माझ्याकडे ‘डेली’ येतं, कारण अमेरिकेतल्या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनच्या निषिद्ध संक्षेपांच्या यादीत क्यूडी आहे. युनिटसाठीचं नुसतं यूसुद्धा त्याच यादीत आहे, ते शून्यासारखं वाचलं जातं.

तपासणीचा अख्खा ‘नॉर्मल’ परिच्छेद एका लघुरूपात घालायचा मोह मी टाळला. डॉक्टर फुप्फुसांबद्दल बोललेच नसतील आणि परिच्छेदात ‘लंग्ज क्लिअर’ आलं, तर न झालेली तपासणी झाली असं आपण लिहून देतो. डॉक्टरांनी स्वतः ‘माझा नॉर्मल घाला’ म्हटलं आणि क्लायंटने तो मजकूर दिला असेल, तरच घालते. माझी कमाई छोट्या तुकड्यांवर आहे: ‘विदाउट एव्हिडन्स ऑफ’, ‘हिस्टरी ऑफ प्रेझेंट इलनेस’, ‘फॉलो अप विथ’. दिवसभर हेच येत राहतात.

आखाजीला माहेरी धुळ्याला गेले तेव्हा फाइल पेन ड्राइव्हवर नेली आणि दुपारच्या उन्हात घरात बसून ती साफ केली. न वापरलेली लघुरूपं काढली, सारखी येणारी नवी घातली. या फाइलीत कुणाही रुग्णाचं नाव नाही, डिक्टेशनमधली कुठलीही ओळख पटवणारी माहिती नाही. रुग्णाची माहिती गुप्त ठेवायला लावणाऱ्या अमेरिकेच्या १९९६ च्या हिपा कायद्यामुळे आमच्या कामात ती शिस्त पाळावीच लागते.

आता बरंच काम स्पीच रेकग्निशनने आलेला मजकूर ऐकून दुरुस्त करण्याचं असतं. तिथेही फाइल चालू ठेवते. मशीनने गाळलेलं वाक्य मध्ये भरताना तिचाच आधार असतो. लघुरूप उमटल्यावर मात्र नजर त्या शब्दावरून एकदा जाऊ देते आणि मगच ऑडिओ पुढे चालवायचं पायाचं पेडल दाबते.