चांदणीच्या पाठीवरच्या चांदण्या

खोगिरं दुरुस्त करणं आणि ती घोड्याच्या पाठीला नीट बसवून देणं हा माझा धंदा. पुण्यात ह्याला गिऱ्हाईक तऱ्हेतऱ्हेचं. रेसकोर्सवरचं खोगीर बोटांवर तोलता येईल इतकं हलकं. जॉकी त्यावर फारसा बसतच नाही, रिकिबीत उभा असतो आणि शर्यत दोन-तीन मिनिटांत आटपते. लग्नातल्या घोडीवर जरी-टिकल्यांचं ओझंच जास्त, पण नवरदेव तासभर बसणार, तोही बँडच्या चालीने. अलीकडे तिसरीच मंडळी येऊ लागली आहेत. गावाकडे जागा घ्यायची, एक-दोन घोडे पाळायचे आणि दिवाळीनंतर उन्हाळा लागेपर्यंत डोंगरातून चार-चार दिवसांच्या फेऱ्या काढायच्या. ह्यांचं खोगीर दिवसाला पाच-सहा तास पाठीवर राहतं. पहिला प्रश्न मात्र सगळ्यांचा एकच: बसायला मऊ कुठलं?

भोरकडच्या ताईंचाही तोच होता. बँकेतून निवृत्त झालेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या, बोलण्यात हिशेबी. फोनवर म्हणाल्या, "दादा, परदेशी खोगीर घेतलंय. दुकानातल्या लाकडी घोड्यावर बसून बघितलं, अगदी गादी आहे. पण तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, आवळायला गेलं की घोडी कान मागे टाकते, चावायला येते. उतारावर तर पाऊलच टाकत नाही. नखरे करते नुसती. महिन्याभरात वरंध घाट उतरून पाचाडपर्यंत जायचंय आम्हाला."

घोडी नखरे करते असं कुणी म्हटलं की मी गाडीत एकाऐवजी तीन खोगिरं टाकतो.

गेलो तेव्हा अंगणात तिघंजण वाट बघत होते. ताई, कॉलेजात जाणारी त्यांची भाची आणि रिसाल्यातून निवृत्त झालेले थोरले बंधू. त्यांना सगळे साहेब म्हणत होते, मीही साहेबच म्हटलं. मोतद्दार मामांनी घोडी बाहेर काढली. काठियावाडी वळणाची, टोकं एकमेकांना भिडणारे कान, तांबूस अंग, काळी आयाळ. नाव चांदणी. नाव कशावरून ते विचारायची गरजच नव्हती. मानेमागच्या उंचवट्याच्या, म्हणजे क्लबातली मंडळी ज्याला विदर्स म्हणतात त्याच्या दोन्ही अंगांना खाली एकेक पांढराशुभ्र ठिपका होता. रुपयाएवढा, समोरासमोर.

"सारंगखेड्याच्या यात्रेतून आणली," ताई म्हणाल्या. "विकणारा म्हणाला, पाठीवर जोडीच्या चांदण्या असलेला घोडा लाखात एक असतो. थोडे जास्तच दिले त्याला."

सारंगखेड्याचा घोडेबाजार दत्तजयंतीला भरतो आणि तिथे खुणा वाचणारी माणसं पैशाला पासरी. मानेवर देवमण, म्हणजे शुभ मानलेला भोवरा, असला की किंमत चढते, भोवरा भलत्या ठिकाणी असला की पडते, पंचकल्याणी, म्हणजे चारी पाय आणि तोंड पांढरं, म्हटलं की गर्दी जमते. त्यात कुणी चांदण्या विकल्या तर नवल नाही.

मी आधी खोगिराकडे बघतच नाही. घोडी सपाट फरशीवर चारी पायांवर सरळ उभी करायला सांगितली आणि कण्याच्या बाजूने बोटं दाबत मागे नेली. दाब सगळीकडे सारखा ठेवायचा, घाई करायची नाही. विदर्सच्या मागे तिने पाठ झटक्यात खाली सोडली, शेपटी मारली. तिथून पुढे मधल्या भागात काही नाही, आणि शेवटच्या बरगडीजवळ पुन्हा तेच. दुसऱ्या बाजूनेही तसंच.

मग ताईंना विचारलं, "हिचा लहानपणीचा फोटो आहे का?"

होता. विकणाऱ्याने वंशावळ पटवायला दोन वर्षांच्या शिंगरीचे फोटो मोबाईलवर पाठवले होते. त्यातला एक बाजूने काढलेला, लख्ख उन्हातला. ताईंनी तो मोठा करून मला दाखवायला हात पुढे केला आणि मध्येच थांबल्या. शिंगरीची पाठ सगळी तांबूस होती. एकही पांढरा केस नाही.

"मग ह्या आल्या कुठून?"

खोगिराच्या आत लाकडाचा नाहीतर पोलाद-प्लॅस्टिकचा सांगाडा असतो, त्याला आम्ही ट्री म्हणतो. ट्रीची पुढची कमान उलट्या व्ही अक्षरासारखी आणि तिचे दोन पाय विदर्सच्या दोन बाजूंना टेकतात. कमान अरुंद असली की ते पाय मांसात रुततात. तेवढ्या जागेचा रक्तपुरवठा तुटतो. दाब रोजचा झाला की केसाच्या मुळाशी रंग तयार करणाऱ्या पेशी मरतात आणि पुढे उगवणारा केस पांढरा येतो, बहुतेक वेळा कायमचा. कमानीला पाय दोन, म्हणून ठिपके दोन, बरोबर समोरासमोर. कुणीतरी ह्या घोडीला कोवळ्या वयात अरुंद खोगीर घालून खूप पळवली होती. ताईंच्या आधीची गोष्ट ती.

हे सांगताना मी शब्द जपून वापरले, तरी ताईंचा चेहरा उतरला. साहेब तेवढं म्हणाले, "मला संशय होता." मामांना विचारलं तर ते म्हणाले, "मला ठाऊकच होतं. पण नाव ठेवून झालं होतं."

जुना ठिपका म्हणजे जुनी इजा. आज काय दुखतंय ते नव्या खोगिराने सांगायला हवं. उभ्या घोडीवर ते दिसायला देखणं बसलं. कमान पुरेशी रुंद, विदर्सवर तीन बोटं जागा, मधली पन्हळ शेवटपर्यंत मोकळी, कण्याला कुठे स्पर्श नाही. बैठकीवर एक गोटी सोडली तर ती बरोबर मध्यावर येऊन थांबली, म्हणजे स्वार मागे कलंडत नव्हता. दुकानात कुणीही पास केलं असतं. फक्त त्याखाली ताईंनी जाड जेलचा पॅड आणि वर स्पंज घातला होता, घोडीला मऊ लागावं म्हणून. आधीच बेताच्या कमानीत एवढं कोंबलं की कमान आणखी अरुंद होते, हे मला प्रत्येकाला सांगावं लागतं आणि प्रत्येकाला ते खोटं वाटतं.

दोन्ही पॅड काढले. मामांकडे धुतलेलं जुनं धोतर मागितलं, ते एकेरी घोडीच्या पाठीवर टाकलं, वर खोगीर चढवलं आणि ताईंना मागच्या टेकाडावर तासभर फिरून यायला सांगितलं. चढ, उतार, थोडी दुडकी. घोडीला मुद्दाम खरारा केला नव्हता; अंगावरची धूळच मला हवी होती.

परत आल्यावर धोतर अंगणात पसरलं. चार कोपऱ्यांत चार काळे डाग, मध्ये हातभर पट्टा जवळजवळ पांढरा. खोगीर पुढे आणि मागे टेकत होतं, मध्ये अधांतरी. चांदणीची पाठ विदर्समागे खोलगट आहे आणि ह्या खोगिराचं पॅनेल, म्हणजे पाठीला टेकणारी खालची गादी, सरळ. ताईंचं सगळं वजन चार ठिकाणी जात होतं, तीही बरोबर बोटं दाबल्यावर ती दचकली होती तीच. घोडीच्या अंगावरही तेच लिहिलेलं. सगळी पाठ घामाने भिजलेली, पण पुढच्या दोन डागांखाली कोरडं. घामाच्या पाठीवर असा कोरडा तुकडा दिसला की लोक म्हणतात, बघा, इथे घासलंसुद्धा नाही. बहुतेक वेळा उलट असतं. दाब इतका असतो की घामाच्या ग्रंथीच काम करेनाशा होतात.

उताराचं कोडंही त्यातच होतं. घोडा पुढचा पाय टाकतो तेव्हा खांद्याच्या फऱ्याचं वरचं टोक मागे सरकतं. उतारावर खोगीर पुढे येतं आणि फरा त्यावर आपटतो. पाऊल टाकलं की दुखणार, म्हणून ती पाऊल टाकत नव्हती.

ताईंनी हिशेबी प्रश्न विचारला, "एवढ्या किमतीचं खोगीर आता दुरुस्त होईल ना?" ते फोमचं होतं. लोकर भरलेलं पॅनेल उसवून कमी-जास्त करता येतं, फोमचं जसं आलं तसंच राहतं. लांबच्या फेऱ्यांसाठी मी लोकरीचंच घ्या म्हणतो ते ह्यासाठी. बैठकीच्या मऊपणाबद्दलही माझं मत फारसं चांगलं नाही. पहिला अर्धा तास सुख वाटतं. तीन तासांनी मऊ थर दबतो आणि बुडाची हाडं खालच्या ट्रीवर येतात. त्यापेक्षा थोडी कडक, मापाची बैठक आणि रुंद तळव्याची रिकीब, गुडघ्यांना तीच बरी.

इथे साहेब पुढे झाले. "मी सांगत होतो. आत या." कोठीत त्यांनी जिवापाड जपलेलं जुनं लष्करी खोगीर होतं, १९१२ च्या नमुन्याचं, फळ्या कमानींवर बिजागरीने हलणाऱ्या. त्याच्याबद्दल मलाही आदर आहे. वजन लांब फळ्यांवर पसरतं आणि खाली घडी घातलेली घोंगडी असते. मोहिमेत घोडा वाळला की घडी बदलून जाडी वाढवायची, खोगीर तेच. चांदणीला ते पुढून ठीक बसलं. मागून मात्र नाही. शेवटची बरगडी बोटाने चाचपत कण्यापर्यंत वर नेली आणि खडूची खूण केली. भार ह्याच्या मागे जाता कामा नये, पुढे नुसती कंबर असते. फळ्या खुणेच्या चार बोटं पलीकडे गेल्या. रिसाल्यातल्या थोराड घोड्यांसाठी केलेली वस्तू ती. साहेबांनी खडूची रेघ स्वतः वाकून बघितली, पुन्हा बरगडी चाचपली, मग म्हणाले, "बरं. पण घोंगडीचं माझं ऐकायचं." ते मी लगेच कबूल केलं.

माझ्या गाडीतलं कानपूरच्या बनावटीचं, लोकर भरलेलं, १७ इंच बैठकीचं खोगीर जवळपास जमलं. ओसरीवर बसून पॅनेलची शिवण उसवली, लांब सळईने मधल्या भागात लोकर ढकलत गेलो, कोपऱ्यांतली थोडी काढली. दुपारचं जेवण होईपर्यंत खरीखुरी खोगीरभरती चालली होती. पुन्हा धोतर, धुऊन वाळवलेलं, पुन्हा टेकाड. ह्या वेळी दोन लांब करडे पट्टे उमटले, मध्ये कण्याची पांढरी वाट. तंग आवळताना चांदणीने कान हलवले, पण दात काढले नाहीत. सवय जायला तिला वेळ लागेल, असं ताईंना बजावलं.

निघणार तेवढ्यात साहेब म्हणाले, "आता गुंड्याचं बघा. त्यावर मी बसणार."

गुंड्या म्हणजे धनगरांकडून घेतलेलं भीमथडी तट्टू. ठेंगणं, गोल, स्वभावाने सोनं. घोड्याचं वजन टेपने काढता येतं: छातीच्या घेराचा वर्ग करायचा, अंगाच्या लांबीने गुणायचं, ११,८८० ने भागायचं. घेर १५० सेंटिमीटर, लांबी १३५. गुंड्या भरला जवळपास २५६ किलो. लांबच्या वाटेवर घोड्याने स्वार, खोगीर, पाण्याची बाटली सगळं धरून आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपासच वाहावं. म्हणजे ५१ किलो. साहेब एकटे ८८.

"धनगराचा अख्खा संसार वाहतो तो," साहेब म्हणाले, "मला नाही वाहणार?"

"संसार वाहताना तो मेंढ्यांच्या चालीने चालतो, साहेब. आणि धनगर पायी असतो."

भाची खुदकन हसली आणि मग घाबरून गप्प बसली. मला ह्या बोलण्याचा कंटाळा येतो, पण टाळता येत नाही. दाब वाटून देणं हे खोगिराचं काम, वजन कमी करणं त्याच्या हातात नसतं. गिऱ्हाईक रागावलं तर रागावलं. साहेब रागावले नाहीत. त्यांनी माझ्या हातातली वही घेऊन गुणाकार-भागाकार पुन्हा केला. उत्तर तेच आलं. मग भाचीला विचारलं, "तुझं वजन किती?" ४३. सात किलोचं हलकं खोगीर धरून ५०.

गुंड्याचं काम सोपं होतं. असल्या गोल तट्टाला विदर्स जवळजवळ नसतोच, घाट उतरताना खोगीर मानेवर यायला बघतं. लोक तंग आणखी आवळतात आणि जनावराचा श्वास अडवतात. खोगीर मागून शेपटीला धरून ठेवणारी दुमची लावून दिली, शेपटीखालचा पट्टा मऊ चामड्यात मढवला, शेपटीखाली तळहात सहज जाईल इतकी सैल ठेवली.

फेरी झाली. साहेब चारा आणि घोंगड्या घेऊन जीपमधून गेले. दर मुक्कामाला घोड्यांच्या आधी पोचायचे, तोबरे भरून ठेवायचे आणि कुणालाही लगेच खोगीर उतरवू द्यायचे नाहीत. तंग दोन भोकं सैल, पंधरा मिनिटं तसंच, मग उतरवायचं. दबलेल्या पाठीत रक्त एकदम धावलं की गाठी येतात. तासाभराने पुन्हा पाठीवरून हात फिरवायचा, कारण गाठ कधीकधी उशिरा वर येते. हे सगळं भाचीने फोनवर त्यांच्या आवाजात करून दाखवलं.

पाचाडहून ताईंनी धोतराचा फोटो पाठवला. पट्टे ठीक होते, पण डावीकडे मागे जरा जास्त काळं. विचारलं तर म्हणाल्या, उजवा गुडघा दुखायला लागला की उतारावर डावीकडे रेलते. शिवाय दर वेळी जमिनीवरूनच, डाव्या रिकिबीला लटकून चढत होत्या. यापुढे दगडावर उभं राहून चढा म्हटलं, आणि परत आल्यावर खोगीर पाठवून द्या. डाव्या पॅनेलमध्ये मूठभर लोकर घालावी लागेल.